व्याजासकट आहेर

आमच्या स्टाफरूममध्ये कुणाच्या बढतीचे, बारशाचे किंवा नव्या गाडीचे पेढे आले की आम्ही सगळे ते तोंडात टाकून मोकळे व्हायचो. गणिताचे सर मात्र आपला पेढा कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायचे. का म्हणून विचारलं तर सांगायचे, आत्ता खाल्ला तर नुसता पेढा, थांबलो तर थांबल्याची गोडी त्यात वाढते. मग तो पेढा दोन-चार दिवस त्यांच्या खिशात मुक्काम करायचा. त्यांच्या झाडून सगळ्या शर्टांच्या खिशांवर तुपाचा गोल डाग होता. फळ्यावर गणित सोडवताना मुंग्यांची रांग खिशातून निघून कॉलरपर्यंत यायची, आणि मुंग्या झटकत सर मुलांना म्हणायचे, "व्याज खायले आल्या."

डोणगावच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. दहा-बारा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. आकड्यांशी माझं लहानपणापासून वाकडं आहे. किराणा दुकानदार सांगेल तेवढे पैसे देऊन मी घरी येतो. सरांना माझी कीव यायची आणि मला त्यांचा वैताग यायचा, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

चक्रवाढ व्याजाचा धडा आठवीला असतो. बाकीचे शिक्षक तो आठवड्याभरात उरकतात. सर त्या धड्यात राहायलाच गेले होते. भूमिती, बीजगणित वगैरे ते पगार मिळतो म्हणून शिकवायचे, चक्रवाढ मात्र जीव ओतून. "पुढं जातानी गुणा, मांगं येतानी भागा," हे त्यांचं वाक्य डोणगावात शाळा सोडून म्हशी वळणाऱ्या पोरांनाही पाठ होतं. अर्थ सोपा होता. नऊ टक्क्यांनी आजचे शंभर रुपये पुढच्या वर्षी एकशे नऊ होतात. म्हणजे पुढच्या वर्षी मिळणाऱ्या एकशे नऊची आजची किंमत शंभरच. एवढंच. पण सरांनी ते रुपयांपुरतं ठेवलं नाही, तिथेच सगळा घोटाळा झाला.

दर नेहमी नऊ टक्के. बँकांचे दर खाली-वर झाले, सरकारं बदलली, सरांचे नऊ हलले नाहीत. मी एकदा विचारलं की नऊच काऊन. ते म्हणाले, बहात्तरला दरानं भागलं की दामदुप्पटीची वर्षं निघतात, नऊनं पुरता भाग जातो, आठ वर्षांत दामदुप्पट, झोपेतही हिशेब करता येतो. सोयीचा आकडा म्हणून माणसानं जन्मभर एकच दर धरावा, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही.

एकदा स्नेहसंमेलनाला एक पुढारी आले. पाच वर्षांत शाळेला दोन खोल्या बांधून देतो, असं त्यांनी जाहीर केलं. मांडव टाळ्यांनी दणाणला. सर शेजारी शांतपणे पुटपुटत होते. मग त्यांनी मोजून टाळ्या वाजवल्या. सहा पूर्ण वाजवल्या, सातव्या वेळी दोन्ही हात जवळ आणले आणि मध्येच थांबवले. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, आज खोल्या दिल्या असत्या तर दहा टाळ्या दिल्या असत्या. पाच वर्षांनंतरच्या खोल्यांना आज साडेसहाच बसतात. खोल्या अजून झालेल्या नाहीत, तेव्हा त्या साडेसहाही वाया गेल्या असं माझं मत आहे.

आमच्या हेडक्लार्कचे वडील वारले तेव्हा सर बोर्डाच्या पेपर तपासणीत अडकले होते. तेरवीच्या आत दुखवट्याला बसायला जायचं राहून गेलं. ही गोष्ट त्यांना सलत राहिली आणि वर्ष होत आलं तेव्हा ते गेले. त्या दिवशी हेडक्लार्कच्या मुलीचा साखरपुडा होता. घरात सनई लावलेली, बाया हिरव्या बांगड्या भरत होत्या, आणि सर कोपऱ्यात मान खाली घालून, डोक्यावर रुमाल टाकून दुपारभर बसले. नवरदेवाकडची मंडळी घाबरून एकमेकांना विचारू लागली, कोण गेलं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी त्यांना झापलं. अर्ध्या तासाच्या बसण्यावर वर्षाचं व्याज लावलं तरी तीन मिनिटंसुद्धा होत नाहीत, एवढं मलाही कळतं. सर म्हणाले, "मुद्दलच मोठं होतं. माणूस चांगला होता." 

आता आहेराचं सांगतो, कारण सरांचं नाव पंचक्रोशीत झालं ते त्याच्यामुळे.

सरांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं माहेर साखरखेर्डा. त्यांना सख्खा भाऊ नाही. शेजारच्या गादीवाल्यांच्या मुलाला त्या लहानपणापासून राखी बांधायच्या. हा मुलगा पुढे बापाचं दुकान सांभाळू लागला. गाद्या, रजया, लोड, तक्के, सगळ्या साखरखेर्ड्याची झोप त्याच्या दुकानातून जायची. काकूंच्या लग्नात त्यानं आपल्या पहिल्या कमाईतून एकशे एक रुपयांचा आहेर केला होता आणि भोंग्यावरून आपलं नाव दोनदा पुकारायला लावलं होतं. सरांच्या मुलीचा, पल्लवीचा, तो मामू. तिच्या बारशालाच त्यानं सांगून ठेवलं होतं की हिच्या लग्नात मामा म्हणून पाठीशी मी उभा राहीन आणि गादीही मीच करीन. मामू तापट माणूस, आणि मानाचा भुकेला. पण ईदला शीरखुर्म्याचा डबा डोणगावला पोचला नाही असं कधी झालं नव्हतं.

मामूच्या मुलाचं लग्न निघालं. सरांनी या वेळेची किती वर्षं वाट पाहिली होती ते मला त्या दिवशी स्टाफरूममध्ये कळलं. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे त्यांनी हिशेब मांडला. एकशे एक रुपये, नऊ टक्के, बत्तीस वर्षं. उत्तर आलं पंधराशे ब्याण्णव रुपये दहा पैसे. एवढ्या आनंदानं मी त्यांना पगारवाढीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. अडचण फक्त दहा पैशांची होती. दहा पैसे आता कुठून आणायचे? शेवटी किराणावाले सुट्ट्यांच्या बदल्यात देतात तशी एक संत्रागोळी त्यांनी पाकिटात टाकली आणि हिशेबाचा कागदही घडी करून घातला, म्हणजे मामूला रीत पडताळून पाहता यावी.

साखरखेर्ड्याला मी बरोबर होतो. मामू नव्या शेरवानीत घाम पुसत सगळ्यांना जेवायचा आग्रह करत होते. सरांनी त्यांना बाजूला घेतलं आणि पाकीट आत्ताच उघडा म्हणून गळ घातली. मामूंनी उघडलं. नोटा, नाणी, गोळी आणि कागद. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"भाऊजी, हे काय होय?"

"तुमचे एकशे एक. नऊ टक्क्यानं. एक पैसा ठेवला नाई."

मामूंनी नोटा, नाणी, गोळी सगळं परत पाकिटात भरलं. मग म्हणाले, "म्हणजे आपलं मिटलं."

"हाव, पुरतं मिटलं," सर खुशीत म्हणाले.

 आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की आहेर कधी बरोबरीत फेडायचा नसतो. पन्नासाचे एक्कावन्न, शंभराचे एकशे एक. तो वरचा रुपया मुद्दाम असतो. कुणाचं तरी कुणाकडे थोडं निघत राहिलं पाहिजे, म्हणजे येणं-जाणं राहतं. पैन् पै चुकती करायची ती दुकानदाराची, नाहीतर ज्याचं पुन्हा तोंड पाहायचं नाही त्याची. सरांनी भर लग्नात, दहा पैशांसकट, मामूला ते करून दाखवलं होतं. आणि त्यांना वाटत होतं आपण बत्तीस वर्षांचा प्रामाणिकपणा दाखवला.

त्या ईदला शीरखुर्म्याचा डबा आला नाही. काकूंनी फोन केले, ते उचलले गेले नाहीत. पल्लवीचं लग्न वैशाखात ठरलं, पत्रिका साखरखेर्ड्याला गेली, उत्तर नाही. मग काकूंनी सरांना माझ्यासमोरच सुनावलं. काकू एरवी कमी बोलायच्या.

"मामू आल्याबिगर पोरगी मांडवात जाणार नाई. तिचं अन् महं बोलणं झालं हाय. तुमचे नऊ टक्के नेऊन उभे करा तिच्या मांगं."

पल्लवी आतून बाहेर आली नाही, यावरून काय ते सरांना समजलं. दुसऱ्याच रविवारी आम्ही माझ्या मोटारसायकलवर मेहकरमार्गे साखरखेर्ड्याला गेलो. मामूंनी चहा दिला, बसायला त्यातली त्यात मऊ गादी दिली आणि आपण समोर कापसाच्या गाठोड्यावर बसले. सर म्हणाले, लग्नाला या. मामू म्हणाले, कायच्या नात्यानं? मग त्यांनी बोटं पुढे करून विचारलं, "तुमचं मह्याकडं काई निंगते?" सरांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, नाही. "महं तुमच्याकडं काई निंगते?" सर म्हणाले, नाही. "मंग काऊन आले हो?" मामू म्हणाले आणि गाठोड्यावरून उठून आत गेले.

 परत येताना मेहकरच्या स्टँडवर चहाला थांबलो तेव्हा सर म्हणाले, "गणित तं बरोबर हाय. मंग चुकलं कुठं?" मला भयंकर राग आला होता. मी म्हणालो की सर, गणित चुकलं असतं तर आज शीरखुर्मा खात बसलो असतो.  त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच, वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी पाहिलं आणि मला माझ्या रागाचं वाईट वाटलं. चहाचे पैसे मी दिले. त्यांनी व्याजाचा विषय काढला नाही.

इकडे गावात वेगळीच हवा पसरली. पंधराशे ब्याण्णवची गोष्ट साखरखेर्ड्याहून निघून डोणगावच्या बाजारात आली आणि लोकांनी तिचा आपल्या परीनं अर्थ लावला. सरांकडे आहेर केला की नऊ टक्के चक्रवाढीनं परत येतो. पतसंस्था बुडतात, सर बुडत नाहीत. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापा, असं मी परोपरीनं सांगितलं. पण सरांचं म्हणणं, ज्याची परत करायची नियत आहे त्यानं लोकांना नाही कशासाठी म्हणावं.

लग्नाच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना पत्रिका गेली नव्हती तेही आले होते. आहेराच्या टेबलावर आमचे हेडक्लार्क बसले होते, शेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा, आणि जमा होईल ते भोंग्यावरून पुकारलं जात होतं. एक सोयाबीनचे व्यापारी पाच हजार घेऊन आले. त्यांनी हेडक्लार्कला सांगितलं की महीवाली पोरगी दुसरीत आहे, वीस वर्षं हातही लावत नाही, तेवढं नीट लिहून घ्या. एकानं विचारलं, मधेच गरज पडली तर मोडता येईल का. एक म्हातारे गृहस्थ वारसाचं नाव लावा म्हणून हटून बसले होते.

सर मांडवाच्या खांबाला टेकून बोटांच्या पेरांवर हिशेब करत होते. प्रत्येक नाव पुकारलं गेलं की त्यांचा चेहरा थोडा उतरायचा. हे सगळं फेडायचं तर त्यांना शंभरीच्या पुढे जगावं लागणार होतं आणि तोवर राहतं घर तीनदा विकावं लागलं असतं. पण त्यांचं लक्ष आहेरावर नव्हतंच. मंडपाबाहेर, रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली एक पिकअप उभी होती. तिच्यात लाल फुलांची गादी होती आणि गादीशेजारी मामू बसले होते. त्यांनी निरोप पाठवला होता की गादी उतरवून घ्या, मला लगेच परत जायचं आहे. वैशाखाच्या उन्हात त्यांनी मुलाच्या लग्नातली शेरवानी घातली होती. गादी पोचवायला शेरवानी कोण घालतं? पण मांडवात यायला ते तयार नव्हते. काकू स्वतः जाऊन आल्या, रडून परत आल्या. आत पल्लवी मुंडावळ्या बांधून बसली होती आणि उठत नव्हती. भटजी घड्याळ दाखवत होते. नवरदेवाकडचे कुजबुजू लागले होते.

तेव्हा सर आहेराच्या टेबलाकडे चालत गेले आणि त्यांनी पुकारणाऱ्याच्या हातातला माईक घेतला.

"मंडळी," ते म्हणाले, "आजपासून मह्या घरचा दर शून्य टक्के हाय."

 मग सोयाबीनच्या व्यापाऱ्यानं ओरडून विचारलं की हे आधी काऊन नाही सांगितलं. सरांनी तिकडे पाहिलंही नाही. ते रस्त्याकडे तोंड करून बोलत होते.

"आजपासून नाई, चुकलो. मांगपासून. मह्या लग्नापासून. शून्य टक्क्यानं पुढं जा, नाईतर मांगं या, आकडा हाय तथीच राह्यते. एकशे एकाचे एकशे एक. मामू, म्या तुम्हाले पंधराशे ब्याण्णव देले. चौदाशे एक्क्याण्णव जास्त गेले. संत्रागोळी येगळी. महं तुमच्याकडं निंगते."

इथे त्यांचा आवाज फाटला. भोंग्यातून तो सगळ्या डोणगावला ऐकू गेला असणार. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. ज्या माणसानं आयुष्यभर एका आकड्यावर स्वतःचं घर चालवलं, तो चारचौघांत तो आकडा टाकून देत होता. माझा सगळा वैताग त्या दिवशी गेला.

पिकअपचा मागचा फाळका पडल्याचा आवाज आला. मामू उतरले, शेरवानी झटकली आणि मांडवाच्या मधल्या वाटेनं सरळ चालत आले. लोक बाजूला झाले. सरांसमोर ते थांबले. माईक चालूच होता.

"मी देत नाई," मामू म्हणाले.

"नोका देऊ."

"कधीच देत नाई. बुडवले समजा."

"हाव," सर म्हणाले.

मामू आत गेले आणि पल्लवीला हाताला धरून बाहेर घेऊन आले. मंगलाष्टकं चालली होती तेव्हा तिच्या पाठीमागे ते छाती काढून उभे होते, आणि समोर सर अक्षता टाकायच्या विसरून उघड उघड रडत होते. आहेराच्या टेबलापाशी मात्र रांग उलटी लागली होती. सोयाबीनच्या व्यापाऱ्यानं साडेचार हजार परत मागून घेतले. पाचशे ठेवले, मग खिशात हात घालून वरचा एक रुपया टेबलावर ठेवला आणि पुरणपोळीच्या पंगतीला जाऊन बसला.

सर आता निवृत्त झालेत. गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा मामूही आले होते. मामूंनी बसल्या बसल्या खिशातून एक संत्रागोळी काढून सरांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, हा या वर्षीचा हप्ता, बाकीचं पुढं पाहू. मला वाटलं ती आता कागदात गुंडाळून खिशात जाणार. सरांनी गोळीवरचं वेष्टन सोललं आणि ती लगेच तोंडात टाकली. मी गमतीनं विचारलं की सर, किती राहिले अजून मामूकडे?

सरांनी गोळी या गालातून त्या गालात नेली.

"मोजलं नाई बे," ते म्हणाले आणि ती कडकडा चावली.